बदकाच्या पायाला पडदा

गेल्या वर्षीची, भाद्रपदातली गोष्ट. गौरी-गणपती नुकतेच उठले होते. डबे, समया, मखराचं सामान सगळं माळ्यावर चढवायचं पडलेलं. आदू शाळेतून आला, दप्तर भिंतीला टेकवलं आणि काही न बोलता मोरीत हातपाय धुवायला गेला. एरवी हा पोरगा चप्पल काढायच्या आधी "आई, खायला काय?" म्हणून ओरडणारा. मी ओळखलं, काहीतरी घडलंय. दप्तर उघडलं तर वहीत चार घड्या घालून लपवलेला पेपर. इयत्ता चौथी, परिसर अभ्यास, वीसपैकी सहा.

मैत्रिणींनो, खरं सांगते, आधी मला राग आला तो मार्कांचा नाही. आदल्या रात्री दहा वाजेपर्यंत बसून मी स्वतः त्याचा अभ्यास घेतला होता. प्राणी आणि त्यांचे अवयव. माशाला कल्ले असतात, बदकाचे पाय पडद्याचे असतात, बैलाला खूर असतात. दहा वेळा म्हणून घेतलं होतं आणि त्यानं न चुकता म्हटलं होतं. पेपरात विचारलं होतं, 'बदकाला पोहताना कोणत्या अवयवाची मदत होते? कशी?' खाली नुसती मोकळी जागा!

"बदकाचे पाय कसे असतात?" मी दरडावून विचारलं.

"बदकाचे पाय पडद्याचे असतात." खाली मान घालून एका दमात उत्तर.

"मग लिहिलं का नाहीस?"

उत्तर नाही. आणि माझा हात उठला. एकच चापट, पण चांगली सणसणीत.

सासूबाई दारात गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी मला काही म्हटलं नाही. आदूला जवळ ओढलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि सहज विचारलं, "आदू, पडद्याचं म्हंजी कसं रं?"

हुंदके देत देत त्यानं खिडकीकडे बोट केलं. खिडकीला आमचा फुलाफुलांचा पडदा. "तसा असतो."

मला आधी हसू आलं आणि पुढच्याच क्षणी कसंतरी झालं. या पोरानं आयुष्यात बदक पाहिलेलं नाही. बदकाच्या पायाला खिडकीचा पडदा लावून तो मनातल्या मनात चित्र बघत होता आणि असल्या पायानं कुणी पोहेल कसं, ते त्याला कळत नव्हतं. म्हणून त्यानं जागा मोकळी सोडली. खोटं काही लिहिलं नाही. आणि मी मात्र दहा वेळा ते वाक्य म्हणून घेऊन समाधानानं झोपले होते!

त्याआधीच्या पालकसभेत शाळेतून सांगितलं गेलं होतं, "मुलाचं लक्ष नसतं. जरा मंद वाटतो. शिकवणी लावा." तेव्हापासून हा 'मंद' शब्द माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता. सोमवारी सकाळी आदूच्या पोटात दुखायचं, तेही मी नाटक समजत होते. माझ्या रागात थोडा माझाही जुना हिशोब होता. माझं माहेर भिगवणच्या बाजूचं. दहावीला विज्ञानात मला चांगले मार्क होते. पण सायन्सचं कॉलेज लांब, एसटीनं रोज मुलीला कोण पाठवणार? म्हणून आर्ट्स आणि मग लग्न. आपलं राहिलं ते पोरानं पुरं करावं, हा हट्ट कधी मनात शिरला, मलाही कळलं नव्हतं.

त्या रात्री आदू झोपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोराला पुस्तक येत नसंल, पर जनावर कळतंय त्येला. रविवारी धाकला बैल बघाया जाणार हाय. ह्येला घिऊन आपुन बी जाऊ."

खूर म्हणजे नख

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार तुमच्यापैकी अनेकींना ऐकून तरी ठाऊक असेल. खिलार बैलांची रांगच रांग, पांढरीशुभ्र अंगं, लांब शिंगं. धाकटे दीर बैलाचे दात बघण्यात गुंतले आणि आदू एका कोपऱ्यात जाऊन खिळून उभा राहिला. तिथं एका बैलाला दोर लावून आडवा पाडला होता, चारी पाय बांधले होते आणि एक म्हातारे बाबा त्याच्या खुराला पत्री मारत होते. हातोडीचा ठोका पडला की आदू डोळे मिटायचा.

"आजी, त्याला दुखत नाही?"

सासूबाईंनी त्याचाच हात हातात घेतला. "तुजी नखं कापल्यावर दुखतं व्हय?"

"नाही."

"मग? खूर म्हंजी बैलाचं नखच की!"

ते बाबाही हसले. म्हणाले, "बाळ, खिळा वरच्या वर गेला तर त्याला कळत पण नाही. आत गेला तर मात्र रक्त येतं, बैल लंगडतो. म्हणून हात बसलेला असावा लागतो." मग त्यांनी खूर उचलून दाखवला. मधोमध चीर, दोन भाग, म्हणून पत्र्याही दोन. मी इतकी वर्षं बैल बघतेय, पोळ्याला त्यांचे खूर रंगवलेत, पण त्या दोन भागांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. ती बैलाची दोन बोटं आहेत. मागे वर दोन छोटे सुके खूर लोंबतात ना, तीही बोटंच, पण जमिनीला न टेकणारी. आणि घोड्याच्या पायाला एकच बोट, म्हणून त्याचा नाल अखंड.

घरी आल्यावर आदू अंगणात म्हशीच्या मागे उकिडवा बसला. बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "आई, हिचा मागचा गुडघा उलटा का आहे?"

एरवी मी म्हटलं असतं, "असतो तसाच. जा, अभ्यासाला बस." त्या दिवशी जीभ आवरली. त्याला भिंतीला धरून चवड्यांवर उभं केलं. टाच वर उचलली गेली. "आता टाच अजून वर गेली असती, पायाची बोटं अजून लांब झाली असती आणि तू फक्त नखांच्या टोकावर उभा राहिला असतास, तर?" त्यानं आपल्या टाचेकडे बघितलं, म्हशीकडे बघितलं आणि असा ओरडला, की शेजारच्या काकू बाहेर आल्या. "तो गुडघा नाही, टाच आहे!"

अगदी बरोबर. म्हशीचा खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. पुढच्या पायाला आपण गुडघा म्हणतो ते तर तिचं मनगट. आपण चालतो तळव्यावर, कुत्रं चालतं बोटांवर आणि गाय-म्हैस-घोडा नखांवर. पाय असा उचलला गेला की त्याची लांबी वाढते, पाऊल लांब पडतं, पळायला बरं. गवत खाणाऱ्या जनावराला वाघ-लांडग्यापुढं पळता आलंच पाहिजे ना! संध्याकाळी आदू आणि शेजारची चिल्लीपिल्ली अंगणात आधी टाचांवर पळाली, मग चवड्यांवर. कशानं जोरात पळता येतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

मग मी त्यांना पंजा जमिनीवर ठेवायला सांगून खडूनं रेघ ओढून दिली. म्हटलं, वटवाघळाचा पंख म्हणजे असाच हात. बोटं लांबच लांब आणि त्यांच्यामध्ये पातळ कातडी ताणलेली. अंगठा तेवढा मोकळा, आकडीसारखा. माणसाचा हात, म्हशीचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख. आतली हाडांची मांडणी मुळात एकच. कामं वेगळी म्हणून आकार वेगळे. हे माझ्या दहावीच्या विज्ञानातलं, इतकी वर्षं पेटीत पडून राहिलेलं.

दुधाची पिशवी आणि माशाचा फुगा

बदकाचं कोडं अजून सुटायचं होतं. आमच्याकडे बदक कुठून आणणार? मग बादली भरून घेतली. आदूला म्हटलं, बोटं फाकवून हातानं पाणी मागे ढकल. ढकललं. पाणी बोटांमधून निसटून गेलं. मग दुधाची रिकामी पिशवी धुऊन त्याच्या हातावर चढवली, मनगटाला रबर लावलं. "आता ढकल." पाणी भस्सकन अंगणात!

"हा पडदा! बोटांच्या मधला!" त्यानं स्वतःच सांगितलं. हात पुढे आणताना पाणी अडतं, मग बदक काय करत असेल, हेही त्यानंच शोधलं. मूठ मिटायची. बदकही तेच करतं. पाय मागे मारताना बोटं फाकवतं, पुढे घेताना मिटून घेतं. मैत्रिणींनो, खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं. आदल्या आठवड्यात त्याच वाक्यासाठी मी रात्री दहापर्यंत घसा कोरडा केला होता.

पुढच्या बुधवारी उजनीचे मासे घेऊन मावशी दारावर आल्या. आमच्या सासूबाई माळकरी. त्यामुळे मासे शिजतात ते मागच्या दारी, वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या भांड्यात. पण सासूबाई नातवासाठी नाकाला पदर लावून लांब बसून राहिल्या. मावशींनी रोहूच्या गालावरची झाकणी उचलली, "बघा ताई, कल्ले कसे लालभडक आहेत. कालचा असता तर काळपट दिसला असता." आदू पुढे सरकला. त्या लाल लाल झालरीकडे बघत म्हणाला, "हे कल्ले? हे कशासाठी?"

आपण नाकानं हवा घेतो, मासा तोंडानं पाणी घेतो. ते पाणी कल्ल्यांवरून बाहेर जातं. जाता जाता पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतल्या रक्तात उतरतो. म्हणून तर ते लाल. झालर जितकी बारीक, तितकी पाण्याला लागणारी जागा जास्त. पाण्याबाहेर काढल्यावर ही झालर एकमेकीला चिकटून बसते आणि हवेत एवढा प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मावशींनी मासा साफ करताना पोटातून पांढरा चकचकीत फुगाही काढून दिला. त्याच्यात हवा. तिच्या बळावर मासा ना बुडतो, ना वर तरंगत येतो. हवा तेवढ्या खोलीवर ठरून राहतो. आदूनं तो फुगा बादलीत टाकला, तरंगला. मग दाबून बघितला, फुटला. सासूबाई "राम राम" म्हणत आत गेल्या.

मावशी जाताना म्हणाल्या, "मी शाळेत गेले नाही ताई, नाहीतर मीपण मास्तरीण झाले असते." मी म्हटलं, "आत्ता झालातच की!"

स्वयंपाकघरातल्या चोची

एव्हाना गल्लीतली सात-आठ मुलं जमू लागली होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक खेळ केला. तो तुम्हीही करून बघा. अडकित्ता, चिमटा, चहाची गाळणी, शहाळ्याची नळी आणि साधा चमचा ओट्यावर मांडायचा. समोर सुपारी, पाण्यात बुडवलेले वाटाणे, पाण्यात टाकलेली खसखस आणि उंच निमुळत्या बाटलीत सरबत. कुठल्या चोचीनं काय खाता येईल? मुलं भांडून भांडून उत्तरं शोधतात. अडकित्ता म्हणजे पोपट. कठीण कवच फोडणारा. चिमटा म्हणजे बगळा. पाण्यातला मासा उचलणारा. नळी म्हणजे फुलपाखराची सोंड. एरवी गुंडाळलेली आणि फुलावर बसलं की उलगडणारी. आणि गाळणी?

गाळणीला कुणालाच पक्षी सापडेना. मग मी माहेरची गोष्ट सांगितली. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. लांब पाय, लांब मान, गुलाबी झाक. लहानपणी वडील सायकलवर पुढं बसवून दाखवायला न्यायचे. हा पक्षी मान खाली घालून चोच उलटी करून पाण्यात धरतो. जिभेनं पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक झालरीत पाण्यातले इवलेसे जीव आणि शेवाळ अडकतं. चालतीबोलती गाळणी! लांब पाय कशासाठी? चिखलपाण्यात उभं राहायला. मान लांब का? पाय एवढे उंच, मग चोच पाण्यापर्यंत पोचायला नको? एक अवयव असा दुसऱ्याला धरून असतो, हे मुलांना तिथं कळलं.

शेजारच्या काकूंच्या कोंबड्या दाण्याबरोबर बारीक खडे का वेचतात, हा प्रश्नही त्याच दिवशी निघाला. कोंबडीला दात नाहीत. गिळलेले खडे तिच्या पेठ्यात, म्हणजे कलेजीबरोबर मिळतो त्या जाड मांसाच्या पिशवीत, जाऊन बसतात आणि दाणा भरडतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी तिचं जातं पोटातच!" यापेक्षा सोपं कुठल्या पुस्तकात लिहिलं असतं?

पाल आणि माझा झाडू

आता माझी फजिती सांगते. मला पालीची भयंकर किळस. ट्यूबलाइटजवळ पाल दिसली की माझ्या हातात झाडू आलाच. एका रात्री मी झाडू उगारला आणि आदूनं माझा हात धरला. "थांब आई, आधी बघू ती पडत का नाही."

मग आम्ही दोघं खाटेवर उताणे पडून पाल बघत बसलो. तिच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे अतिबारीक केस असतात. टोके नावाच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर असे जवळपास पाच लाख केस मोजलेले आहेत. २००० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एका केसाची पकड मोजून दाखवली. डिंक नाही, चिकट पाणी नाही. केस इतके बारीक, की ते भिंतीला अगदी सट्टून लागतात आणि त्या जवळिकीतूनच ओढ तयार होते. पाऊल उचलताना पाल बोटं टोकाकडून उलटी वळवून सोडवते. आम्ही बघत असतानाच तिनं जीभ काढून स्वतःचा डोळा चाटला. आदू खिदळायला लागला. पापण्या नाहीत ना तिला, मग डोळा पुसणार कशानं?

शेपटी तुटते ती घाबरून नव्हे. ती तिची युक्ती आहे. तुटलेली शेपटी वळवळत राहते, मांजर तिकडं बघतं आणि पाल पळते. शेपटी पुन्हा येते, पण नवीन शेपटीत हाडाचे मणके नसतात, कूर्चा असते. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते, घरातली पाल विषारी नसते. अन्नात पडली तर ते अन्न टाकून द्यायचंच, कारण तिच्या अंगावर जंतू असतात, पण ती विष ओकते हे खरं नाही. उलट रात्रभर डास-झुरळं खाते. किळस माझी अजून गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? पण झाडू खाली ठेवलाय.

"बैलानं ठरवलं का?"

आदूचा सगळ्यात अवघड प्रश्न आला हुरड्याच्या दिवसांत, दिरांच्या शेतावर. "आई, बैलानं नखांवर चालायचं ठरवलं का? आणि बदकानं पडदा मागितला का, देवाकडे?"

इथं आपण सहज बोलून जातो, की पळायचं म्हणून पाय लांब झाले, पोहायचं म्हणून पडदा आला. तसं होत नाही. कुणाच्या इच्छेनं अवयव उगवत नाही. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या बियाण्यासाठी कणसं निवडत होत्या. टपोरी, भरलेली, कीड न लागलेली तेवढी बाजूला. मला तिथंच उत्तर सापडलं. "आजी दरवर्षी चांगलंच कणीस बियाण्याला ठेवते, म्हणून पुढचं पीक तसं येतं. रानात निवडणारी आजी नसते. तिथं ज्याचे पाय थोडे लांब, तो लांडग्यापुढं निसटतो, त्याला पिल्लं होतात. पिल्लांचे पायही तसे. ज्याला जमलं नाही तो मागं राहतो. असं लाखो वर्षं चाललं." चार्ल्स डार्विननं १८५९ साली आपल्या ग्रंथात हे मांडलं, तेव्हा त्यानंही सुरुवात शेतकऱ्यांच्या आणि पशुपालकांच्या निवडीपासूनच केली होती. म्हणजे बियाण्याची कणसं निवडणाऱ्या बाईला हे समजायला काय अवघड आहे?

हे सगळं काही मी नवीन शोधलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत हीच वाट धरली होती. पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. त्यांच्या कुरणशाळा त्यातूनच निघाल्या. पानं, बिया, खडे हीच साधनं. आपल्या अंगणात तर म्हैस, कोंबडी, पाल, मुंगी सगळं हजर आहे.

दोन-तीन पथ्यं मात्र पाळायची. मोबाइलवर व्हिडिओ दाखवायला हरकत नाही, पण आधी डोळ्यांनी बघू दे, मग पडद्यावर. फुलपाखराचे पंख उपटून, पालीची शेपटी तोडून शिकायचं नाही. पाहायचं, पकडायचं नाही. अनोळखी कुत्रं, पिल्लांजवळची मांजर यांच्याजवळ मुलाला सोडायचं नाही. साप दिसला तर अभ्यास बाजूला. मुलांना लांब न्यायचं आणि सर्पमित्राला बोलवायचं. आणि उत्तर सांगायची घाई करायची नाही. मी फक्त दोनच प्रश्न विचारते. 'हे कशासाठी असेल?' आणि 'हे नसतं तर काय झालं असतं?' उत्तर मला येत नसलं तर तसं सांगते. आधी याचीच मला लाज वाटायची. आता आम्ही दोघं मिळून शोधतो.

तुम्ही विचाराल, मग मार्क? मार्चमधल्या परीक्षेत वीसपैकी तेरा पडले. पहिला नंबर वगैरे काही नाही. एका उत्तराला अर्धाच मार्क होता, कारण 'खुरांचा उपयोग' लिहिताना त्यानं म्हशीच्या टाचेचं सगळं पुराण लिहिलं होतं आणि पुस्तकातलं वाक्य राहूनच गेलं. मी शाळेत गेले, भांडायला नव्हे, पेपर समजून घ्यायला. बाईंच्या वर्गात बावन्न मुलं. त्यांनी ते उत्तर पुन्हा वाचलं आणि मला म्हणाल्या, "ते दुधाच्या पिशवीचं काय लिहिलंय त्यानं, ते मला दाखवाल का?" मी दाखवलं. 'मंद' हा शब्द त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

पण माझ्या मनात एक राहून गेलं होतं. एका रात्री दिवे मालवल्यावर मी आदूला म्हटलं, "त्या दिवशी मी तुला मारलं ना, ते चुकलं माझं. तुला येत नव्हतं ते माझ्यामुळं. मी तुला पडदा दाखवलाच नव्हता." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अंधारातच म्हणाला, "आई, पालीला अंधारात दिसतं का?" म्हणजे आमचं मिटलं होतं.

यंदा आषाढीला सासूबाई नेहमीप्रमाणे दिंडीबरोबर सांगोल्याहून पंढरपूरला चालत गेल्या. तीसेक किलोमीटर, वय सदुसष्ट. परत आल्यावर आदू त्यांच्या पायाला तेल चोळत बसला. टाचेच्या भेगांवरून हात फिरवत म्हणाला, "आजी, माणूस टाच टेकवून चालतो ना, म्हणून त्याला लांब चालायला दम कमी लागतो. बैल पळण्यात पुढं, पण चालण्यात आपण चिवट. तू टाचेमुळं पंढरपूरला पोचलीस."

सासूबाईंनी डोळे मिटूनच उत्तर दिलं, "टाच तर हायच रं बाळा. पर वाट दावणारा त्यो."

आदूनं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. तेलाची वाटी त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "दुसरी टाच राहिलीय."